मी पडायला आलेलो नाही

३ जून
आजपासून ज्युदो. निर्णय पक्का.
प्रोजेक्ट मॅनेजमेंटची पुस्तकं आणून झाली (वाचायचीही आहेत), पण मूळ गोष्ट त्यात नसणार. रिस्क म्हणजे समोर उभा असलेला माणूस. त्याला धरायचं आणि आपटायचं, बस्स.
प्रोजेक्ट साधा आहे. विमा कंपनीच्या इमारतीत सगळ्या दारांना कार्डाची कुलूपं बसवायची. मुदत एक सप्टेंबर. पार पडलं तर माझ्या दारावरच्या पाटीतला ‘प्रभारी’ हा शब्द जाईल, मी पक्का प्रोजेक्ट मॅनेजर. नाही पार पडलं तर पुन्हा हॉलमध्ये, कुलूपं तपासणाऱ्या टेस्टरबाईंच्या शेजारच्या टेबलावर रिपोर्ट टाइप करत बसायचं. त्याचा विचारही करणार नाही.

५ जून
पहिला क्लास. सरांनी तासभर नुसतं पडायला शिकवलं. मागे पडा, कुशीवर पडा, पडताना हात आपटा. मी नम्रपणे म्हणालो, मी पडायला आलेलो नाही, पाडायला आलोय. सर बरं म्हणाले आणि दुसरीकडे गेले.
हिला सोबत म्हणून नेलं होतं. बाकावर बसायचं सोडून गादीवर उतरली आणि तासभर खिदळत पडत राहिली. काय म्हणावं!

१२ जून
तत्त्व पहिलं: समोरच्याचाच जोर वापरा.
विमा कंपनीच्या मॅनेजरांचा फोन. (प्रत्येक मेल ‘तातडी’ने सुरू होतो, म्हणून आम्ही त्यांना तातडीच म्हणतो.) ऑगस्टच्या मध्यापर्यंत होईल का, विचारत होते. दुसरा कोणी मागे रेटत बसला असता. मी त्यांना आणखी ओढलं. म्हणालो, एक ऑगस्टच घ्या की! पलीकडून दोनदा ‘काय?’ आलं. तोल गेला बिचाऱ्यांचा.
टेस्टरबाईंनी चष्मा काढून मला विचारलं की नेमका कोणाचा तोल गेला. जळतात.

२० जून
तत्त्व दुसरं: वार अडवू नका, बाजूला व्हा.
टेस्टरबाईंचं आज नवीनच. फायलींच्या खोलीचं कुलूप वीज गेली की बंदच राहतं म्हणे. आत माणूस असला तर? बॅटरी हवी, आणि तोवर जुनं किल्लीचं कुलूप काढू नका. मी बाजूला झालो, म्हणजे कँटीनमध्ये गेलो. बाई कँटीनमध्ये आल्या. मी जिन्यात गेलो. मग त्यांनी मेल पाठवला. मेल न उघडणं हाही बाजूला होण्याचाच प्रकार आहे.

२ जुलै
आज पकड. गळ्याशी पकड बसली की दोनदा हात आपटायचा, समोरचा लगेच सोडतो. सर म्हणाले, यात लाज कसली, फक्त वेळेवर आपटा.
जोडी हिच्याशीच. हिनं पकड घातली. मी हात आपटला नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी नाही. शेवटी सर धावत आले.
 घरी कुलूप उघडताना ही एवढंच म्हणाली की मी सोडणारच होते रे, तू सांगायचं तरी होतंस.
थोडक्यात, अजिंक्य. मान डावीकडे वळत नाही.

१४ जुलै
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सगळं ठीक ना, म्हणाले. दोन मजले व्हायचेत, तारीख चुकीची दिली, हे अगदी ओठांवर आलं होतं. म्हणालो, फर्स्ट क्लास. बाहेर आलो तेव्हा तळहात घामाने ओले. साहेबांचा एसी बिघडलाय, सांगायला हवं.
तत्त्व तिसरं (हे माझं स्वतःचं): मागची वाट ठेवू नका. जुनी कुलूपं काढायचा हुकूम दिला. सुरुवात फायलींच्या खोलीपासून. बाईंनाही कळू दे.

२६ जुलै
टीमला रविवारीही बोलावलं. कोणी माझ्याकडे बघत नाही.
हे फक्त इथे लिहितो. अडकलोय. खरं सांगावं तर पाटी जाते, न सांगावं तर सगळंच अंगाशी येतं. सकाळी दात घासतानासुद्धा उरलेले दिवस मोजतो. उद्या साहेबांना सांगतो. उद्या नको, तातडी येणार आहेत. परवा.
हिला पिवळा पट्टा मिळाला. माझा पांढराच. सर म्हणतात, आधी पडून दाखवा.

१ ऑगस्ट, सकाळी
(परवा जमलं नाही.)
आज उद्घाटन. डेमो मीच देणार, तोही फायलींच्या खोलीचा. एकटा आत जाणार, दार लावणार, कार्ड दाखवून बाहेर येणार. टाळ्या.

१ ऑगस्ट, दुपारी, फायलींच्या खोलीत
वीज गेली.
फोन बाहेर चार्जिंगला. दाराला वीतभर काच आहे, आवाज येत नाही. मी खुणेनं किल्ली मागितली. टेस्टरबाईंनी जुडगा दाखवला, मग जुन्या कुलपाच्या जागी बुजवलेल्या भोकावर बोट ठेवलं. तातडी सारखे घड्याळ बघतायत. साहेबांनी काचेशी येऊन खुणेनंच विचारलं, ठीक? मी अंगठा दाखवला.
सगळे चहाला गेले.

थोड्या वेळाने
टेस्टरबाई तेवढ्या खुर्ची टाकून समोर बसल्यात. शेजारी करवत घेऊन सुतार. तो दाराकडे बघतो, बाई माझ्याकडे बघतात. मी पुन्हा अंगठा दाखवला. सुतार खाली बसला.
हवा कोंदट झालीय. कॉलर सैल केली, तरी गळ्याशी ती पकडच बसल्यासारखी वाटतेय. भीती वाटतेय. ही काय म्हणाली होती ते सारखं आठवतंय.
काचेवर दोनदा हात आपटला.
बाई ताडकन उठल्या.

१० ऑगस्ट
डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं. त्या दिवशी दार कापलं, मी ऐटीत बाहेर पडलो आणि उरलेल्या फळीत पाय अडकून सगळ्यांदेखत आडवा झालो. सगळा भार उजव्या मनगटावर. प्लॅस्टर. डॉक्टर म्हणाले, पडायचं कसं ते शिकून घ्या.
टेस्टरबाई आता प्रभारी. त्यांनी तातडींना फोन करून तारीख पुढची मागितली. ते बरं म्हणाले. नुसतं बरं!
मी हॉलमध्ये, त्यांच्या जुन्या टेबलाशेजारी. तात्पुरता. एका हाताने दुपारपर्यंत अर्धं पान टाइप झालं, तेही चुकीचं. रिपोर्ट संध्याकाळी द्यायचाय. बाईंनी दारातून विचारलं, ठीक? अंगठा प्लॅस्टरमध्ये आहे. फर्स्ट क्लास म्हणायला तोंड उघडलं.
डावा हात टेबलावर दोनदा आपटला.
त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, सांगा, मी टाइप करते.