चालून दाखव

बाई, लॅटिन कवितांतल्या त्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या प्रेयसीचा मला राग येतो, तरी आपल्याविषयीही कुणीतरी तसंच लिहावं असं का वाटतं? तुम्ही असतात तर हात वर करून विचारलं असतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तुम्ही त्या कविता इंग्रजी भाषांतरातून शिकवायचात. फळ्यावर तिचं रूप उतरवायचात: काळे डोळे, निमुळती बोटं, डौलदार चाल. कवी तिच्या बंद दाराशी, उंबऱ्यावर डोकं टेकून रडतोय आणि आम्ही मुली विरघळलोय. मग तुम्ही खडू खाली ठेवता. "तो बाहेर रडतोय ते कळलं गं. आत ती काय करतेय, ते कुणी सांगितलं का?"

आत मी आहे, बाई. कतारमध्ये, दोहातल्या अल अझीझियाच्या फ्लॅटमध्ये. अप्पा हमद पोर्टवर क्रेन चालवतात, माझा इथे राहण्याचा परवाना त्यांच्या नावावर. दाराला कुलूप नाही, पण गाडी त्यांची, बाहेर ऊन, आणि चप्पल घातली की "एकटी कुठं निघालीस?" नोकरीचा विषय काढला की अप्पा म्हणतात, "इन्शाल्ला, लग्नानंतर." नाही न म्हणता नाही म्हणायला ते इथे शिकले.

गेल्या शुक्रवारी नाशिकच्या स्थळाचा व्हिडिओ कॉल होता. आईने फोन डाळीच्या डब्याला टेकवला आणि चेहरा उजळ दाखवणारं बटण दाबलं. त्यांना पाठवलेला फोटोही तसाच, दुधात बुडवल्यासारखा. पोहे केले होते, नुसते कॅमेऱ्यासमोर ठेवायला. मुलाची आई म्हणाली, "केस मोकळे सोड बरं. आता जरा चालून दाखव." मी सोफ्यापासून फ्रिजपर्यंत गेले, परत आले. तुमचा फळा आठवला. तोंडून निघून गेलं, "आता त्यांनाही चालायला सांगा."

बिचारा उठला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. माझ्या आईला हसू आवरेना. कॉल तुटला. "खलास!" अप्पा म्हणाले.

मला वाटलं, सुटले. पण संध्याकाळी त्यांचाच फोन: मुलाला पसंत आहे, रंग फार छान, जरा जास्त बोलते, ते आम्ही बघून घेऊ. अप्पांनी शेजारी खजूर वाटले. आई माझ्या केसांना तेल लावत हळूच म्हणाली, "तुझ्या रंगाला याहून चांगलं काय मिळणार गं? हो म्हण." मी तेलाची वाटी तिच्या हाताशी सरकवली.

हे पाठवायचं असतं तर तुमच्या धाकाने दोनदा तपासलं असतं. तसं नाही, म्हणून हेही लिहिते: तो दुधाळ फोटो मी अजून फोनमध्ये ठेवलाय, अधूनमधून उघडून बघते. पण आज सकाळी, अप्पा ड्युटीवर गेल्यावर, खिडकीच्या उजेडात दुसरा काढला आणि नाशिकला पाठवला. खाली लिहिलं, "ही मी. माझा नकार आहे."