दोन्ही कान दिसले पाहिजेत

३ मार्च, सकाळी ६:४०

पासपोर्ट फोटोंचा वीट आला आहे. बावीस वर्षं तोच पांढरा पडदा, तेच स्टूल, तीच बावळट तोंडं. हसू नका, हनुवटी जरा खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत. काल एका गिऱ्हाइकाच्या कानातला मळ स्क्रीनवर मोठा करून पाहावा लागला. दुपारी जेवण गेलं नाही. कलावंताने हे किती दिवस सोसायचं?

निर्णय झाला. चाळीस दिवस, चाळीस फोटो. माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड्स काढायच्या, त्यांची कव्हरं घेऊन रस्त्यावर जायचं. कव्हरावरच्या गायकाचा चेहरा एखाद्या चालत्याबोलत्या माणसाच्या चेहऱ्यापुढे धरायचा. मुंडकं गायकाचं, धड न्हाव्याचं, मागे शहर. इंटरनेट म्हणतं की असं बऱ्याच जणांनी केलंय. इंटरनेट काहीही म्हणतं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. मुलीच्या बँडचा पहिला अल्बम येतोय. त्याला कव्हर लागणार. तिने मला अजून विचारलेलं नाही. मी विषय काढणार नाही. तिने आपणहून यावं आणि म्हणावं, बाबा, कव्हर तूच कर. घरात फोटोग्राफर असताना बाहेर कोण जाईल?

४ मार्च

माळ्यावर चढलो. शी. कव्हरांना बुरशी, बुरशीला वास, वासात एक मेलेली पाल. ओल्या फडक्याने एकेक पुसलं. त्रेसष्ट कव्हरं निघाली, पण कामाची अकराच. बाकी सगळ्या गायकांचे चेहरे तिरके, नाहीतर केस कानांवर, नाहीतर दात काढून हसतायत. कव्हर काढणाऱ्यांना कोणी शिकवलं होतं की नाही, देव जाणे.

हिने खालून विचारलं की एकदाचं फेकताय का ते सगळं. हातच्या माणसाची किंमत नसते. पिकतं तिथे विकत नाही.

५ मार्च

दुकानाची व्यवस्था लावली. सकाळी दहा ते चार हिचा धाकटा भाऊ बसेल. मेहुणा सध्या मोकळाच आहे. तसा तो नेहमीच मोकळा असतो. पाण्याचे फिल्टर विकून झाले, पोहण्याचे वर्ग झाले, मासे पाळून झाले. सतत भोपळ्याच्या बिया खातो आणि सालं शर्टाच्या खिशात थुंकतो. बघवत नाही.

दहा मिनिटांत सगळं शिकवलं. स्टूल या खुणेवर, कॅमेरा त्या खुणेवर, बटण हे. बाकी कशाला हात लावायचा नाही. त्याने विचारलं, भाऊजी, लोकांनी हसायचं का नाही? म्हटलं, नियम. तो म्हणाला की मग अवघड आहे. याला काय अवघड असणार!

७ मार्च, दुपारी १

पहिला दिवस. उड्डाणपुलाखालचा न्हावी निवडला. पुलाखाली पाऊल टाकलं आणि वासाने डोळ्यांत पाणी आलं. शहराला नाक नाहीच. न्हाव्याच्या हातात कव्हर दिलं. त्याने विचारलं, माझा चेहरा दिसेल का? दिसणार नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळला आणि हात खाली खाली येऊ लागला. शेवटी गायकाचे डोळे आणि न्हाव्याचं टक्कल एवढंच फोटोत आलं. मागे गाड्या, बादली, आरसा, ओले टॉवेल, नुसता गोंधळ. त्याला उचलून शेजारच्या चुन्याच्या भिंतीसमोर उभं केलं. आता ठीक. कबुतराने लेन्सवर घाण केली. आजचं काम एवढंच.

मोजणी उद्यापासून धरावी. आजचा दिवस तयारीचा.

९ मार्च

बसस्टॉपवर एक बाई तयार झाल्या. कव्हर हातात घेण्याआधी त्यांनी ते पुसलं, घेतल्यानंतर हात पुसले, आणि परत दिल्यावर माझ्याकडे बघून पुन्हा हात पुसले. मी म्हटलं, बुरशी जुनी आहे, आता काही करत नाही. तेवढ्यात बस आली. बाई गेल्या. कव्हरही गेलं.

उरली दहा.

१३ मार्च

मोची, शिंपी, पेपरवाला. तीन फोटो, तिन्ही अप्रतिम. मान सरळ, खांदे समान, मागे स्वच्छ भिंत. जेवताना लॅपटॉप सहज उघडा ठेवला. मुलगी बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आता विचारते. तिने विचारलं की बाबा, यात शहर कुठाय?

म्हटलं, मागे.

ती म्हणाली, मागे तर भिंत आहे.

भिंत शहरात नसते का? पण गाढवाला गुळाची चव काय, असं पोटच्या पोरीला म्हणता येत नाही. ही म्हणाली की तिन्ही माणसं फाशीची वाट बघतायत असं वाटतं. हिला कलेतलं कळत नाही हे मी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं होतं.

१८ मार्च, संध्याकाळी

बँडची तालीम आमच्याकडे. ड्रमवाला सोफ्यावर अनवाणी पाय घेऊन बसतो. त्याच्या अंगठ्याचं नख मी पाहिलं आहे आणि ते विसरता येत नाही. गिटारवाली आमच्या टॉवेलला नाक पुसते. बासवाला एक अक्षर बोलत नाही, फक्त खातो. यांच्यात माझी मुलगी गाते. आवाज मात्र चांगला आहे. हे तिला सांगायचं राहतं.

चहा द्यायच्या निमित्ताने दाराशी थांबलो. कव्हरचं अजून काही ठरलेलं नाही. बरं झालं. शिवाय परदेशातल्या एका संगीत महोत्सवाचं बोलावणं आलंय, व्हिसा करायचाय.

रात्री जेवण झाल्यावर मुलगी माझ्या खोलीत आली. चौघांचे व्हिसाचे फोटो हवेत, उद्या सकाळी दुकानात येऊ का, तू असशील ना, असं विचारलं. म्हटलं, उद्या सकाळी मला पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवरचा उजेड गाठायचाय. व्हिसाच्या फोटोला कलावंत कशाला? मामाकडे जा. ती बरं म्हणाली. थोडी घुटमळली. मग गेली. आणखी काहीतरी बोलायचं असावं. पैसे असतील.

१९ मार्च

टाकीमागची भिंत काल संध्याकाळी रंगवली होती. कोणी पाटी लावायची तसदी घेतली नाही. कव्हर भिंतीला टेकवलं ते चिकटलं. ओढलं तर गायकाचं नाक भिंतीवर राहिलं. माझ्या कोपरालाही हिरवा रंग, आणि रंगारी हसत होता. त्याच्या मिशीत कालचं जेवण होतं.

दुकानात आलो तर बियांची सालं जमिनीवर, स्टूल खुणेपासून हातभर लांब, पडद्याला सुरकुत्या. मेहुणा म्हणाला, पोरं आली होती, मजा आली. पासपोर्ट फोटोत मजा! म्हटलं, झाडून घे.

२७ मार्च

सर्दी. पुलाखालचीच असणार. मोजणी पुढच्या सोमवारपासून.

२ एप्रिल

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

व्हिसा कार्यालयाने चारही फोटो परत पाठवले! प्रत्येकावर लाल शिक्का: अमान्य. मी एकेक हातात घेऊन वाचलं. ड्रमवाला: डोळे मिटलेले. गिटारवाली: हात तोंडावर. बासवाला: चौकटीत दुसऱ्या व्यक्तीचा खांदा. माझी मुलगी: तोंड उघडे, नजर बाजूला, एकही कान दिसत नाही. मेहुण्याला विचारलं हे काय. तो म्हणाला, भाऊजी, मी त्यांना माशांची गोष्ट सांगत होतो. मासे कसे मेले त्याची. गोष्ट संपायच्या आत बटण दाबलं गेलं.

उंटावरचा शहाणा. मी त्याला बाजूला केलं, पडदा इस्त्री केला, चौघांना ओळीने बसवलं. अकरा मिनिटांत चार फोटो. आठ कान. एक सावली नाही. मुलीला म्हटलं, बघ, याला काम म्हणतात. ती हो म्हणाली. जुने फोटो कचऱ्यात टाकायला हात पुढे केला तर म्हणाली, राहू दे, आणि बॅगेत ठेवले. पुरावा म्हणून ठेवले असतील. मामाला दाखवायला.

८ एप्रिल

व्हिसा मंजूर. माझे फोटो एका झटक्यात पास झाले. आता तिला फरक कळलाच असणार. कव्हरचं आज-उद्या विचारेल. नकार द्यायचा नाही, पण लगेच होही म्हणायचं नाही.

१४ एप्रिल

वाचनालयाच्या बोळात प्रदर्शन. चाळीसचे नऊ झाले, पण नऊ म्हणजे नेमकेपणा. जागा स्वच्छतागृह आणि सूचनाफलक यांच्या मधली मिळाली. वासाबद्दल लिहीत नाही. दिवसभरात बरेच लोक थांबले, कारण आतला माणूस लवकर बाहेर येत नव्हता. एका आजोबांनी चष्मा लावून सगळे नऊ नीट पाहिले. मी पुढे झालो. त्यांनी विचारलं की ही सगळी हरवलेली माणसं का, आणि सापडल्यास कुठे कळवायचं.

ही आली होती. दहा मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली की नाकाने कांदे सोलणं सोडा आणि घरी चला.

मुलगी तालमीमुळे आली नाही. समजू शकतो.

२२ एप्रिल, रात्री

अल्बम आला.

तिने टेबलावर ठेवला. मी आधी चष्मा पुसला.

कव्हरवर चार पासपोर्ट फोटो. मेहुण्याचे. लाल शिक्क्यांसकट. अल्बमचं नाव: अमान्य. मागे बारीक अक्षरात छायाचित्रं: मामा.

म्हटलं, पडद्याला सुरकुत्या आहेत. म्हटलं, डावीकडे सावली पडलीये, उजेड बोंबललाय, हा खांदा कोणाचा तरी आहे. ती म्हणाली की खांदा मामाचाच आहे. मी आणखी पाच चुका दाखवल्या. सगळ्या खऱ्या होत्या. ती ऐकत होती. मग म्हणाली, बाबा, त्या रात्री मी तुलाच विचारायला आले होते. कव्हरसाठी. तुझ्याच दुकानात, तुझ्याच पडद्यासमोर काहीतरी कर म्हणणार होते. तू मामाकडे जा म्हणालास.

मी म्हटलं, तू नीट विचारलं नाहीस.

ती झोपायला गेली. मी कव्हर बराच वेळ भिंगाखाली घेऊन बसलो. फोकससुद्धा चुकलाय. पण त्यात ती हसते आहे, पूर्ण तोंड उघडून, मागचा भरलेला दातही दिसतो. ही पोरगी अशी हसते हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या मूर्खाला माहीत होतं.

२९ एप्रिल

दुकानात चार जणी आल्या. त्या कव्हरसारखे फोटो हवेत म्हणाल्या. म्हटलं, काढतो, बसा. त्यांनी विचारलं, मामा कधी येतात? मेहुणा मासे आणायला गेला होता, पुन्हा पाळणार आहे. चार वाजता येईल म्हटलं. थांबल्या. मी त्यांना पंखा लावून दिला.

६ मे, सकाळी ११:३०

आज मुलगी बँडबरोबर निघाली. दाराशी टॅक्सी. पेट्या, ड्रम, गिटार, शेजारीण, सगळे पायऱ्यांवर. ड्रमवाल्याने आज बूट घातले होते.

निघताना ती माझ्याकडे आली. म्हणाली, बाबा, जायच्या आधी आमचा सगळ्यांचा एक फोटो काढ ना. तू काढ.

आपणहून म्हणाली. तिच्या तोंडचे शब्द आहेत हे. हातात तिने स्वतःचा फोन दिला. मी म्हटलं, फोनवर? तुझा बाप फोनवर फोटो काढणार? दोन मिनिटं थांबा, दुकानातून कॅमेरा आणतो. ती म्हणाली, बाबा, विमान आहे. मी म्हटलं, दोन मिनिटं.

कुलूप आज नेमकं अडकलं. लेन्स कोणती घ्यायची यात थोडा वेळ गेला, कारण पायऱ्यांवर जागा कमी आहे आणि मागे चपलांचा ढीग दिसला असता. फोन वाजत होता, पण दोन्ही हात गुंतलेले. ट्रायपॉड, पांढरा पडदा आणि क्लिपा घेऊन धावत परत आलो.

टॅक्सी गेली होती. ही म्हणाली, वीस मिनिटं थांबले, आता विमान चुकलं असतं. मुलीने फोन तीनदा केला. मग हिच्या भावाने काढला फोटो.

फोटो आलाय माझ्या फोनवर. सगळे आहेत. ही आहे, शेजारीण आहे, टॅक्सीवालासुद्धा आहे. मुलगी रस्त्याच्या टोकाकडे बघतेय, दुकानाच्या बाजूला.

ट्रायपॉड परत नेऊन ठेवला. जड आहे.