उच्चार त्यांचे चुकतात

५ सप्टेंबर
पोचलो. तीन वर्षांची अभ्यासरजा, काँक्रीटच्या तड्यांवर पीएचडी, सोबत ही. इथली भाषा मी घरीच नव्वद दिवसांच्या कोर्समध्ये संपवली आहे. सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलंय. विमानतळावर अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. मी कर्ता-कर्म-क्रियापदासह उत्तर दिलं. त्याने तेच पुन्हा इंग्रजीत विचारलं. बिचाऱ्याला इंग्रजीचा सराव हवा असणार.

८ सप्टेंबर
युनिव्हर्सिटीचं पत्र. सहा महिन्यांनी इथल्या भाषेची तोंडी परीक्षा, नापास झाल्यास प्रवेश रद्द. ही अट बहुधा इतरांसाठी असावी. तरी संकल्प: पहाटे पाचला उठून रोज पन्नास शब्द. हिने विचारलं, मीही एखादा क्लास लावू का. म्हटलं, तू घर बघ, दोघांच्या भाषेचं मी बघतो.

९ सप्टेंबर, सकाळी साडेआठ
आत्ता उठलो. शब्द: शून्य. प्रवासाचा शीण.

१७ सप्टेंबर
सलूनमध्ये ‘थोडे कमी करा’ असं अचूक विभक्ती लावून सांगितलं. न्हाव्याने थोडेच ठेवले. लोकांची स्वतःच्या भाषेवरही पकड नाही. ही मला बघून कपाटात तोंड घालून बराच वेळ काहीतरी शोधत होती.

४ ऑक्टोबर
मोठा शोध. समोरचा बोलत असताना मान डोलवायची, थांबला की ‘नक्कीच’ म्हणायचं. लॅबमध्ये गाईडबाई पाच मिनिटं बोलल्या, मी दोनदा ‘नक्कीच’ म्हटलं. बाई इतक्या खूश झाल्या की हात हातात घेतला.

६ ऑक्टोबर
नक्कीच कशाला म्हटलं ते कळलं. काँक्रीट ओतायचे सगळे लोखंडी साचे दर शुक्रवारी घासून त्यांना तेल लावायचं काम मी आपणहून मागून घेतलंय. बाबांना फोनवर कळवलं की आल्या आल्या एक अख्खा विभाग माझ्याकडे दिलाय. बाबांनी सोसायटीत सांगितलंसुद्धा.

२१ ऑक्टोबर
ही हल्ली दुपारी तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे बसते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं वगैरे. अस्तराला इथे काय म्हणतात ते मला सांगत होती. लिंग चुकलं. मी दुरुस्त केलं. म्हणाली, पण बाईंना कळतं. तिला समजावलं की समोरच्याला कळलं म्हणजे भाषा आली असं होत नाही.

१३ नोव्हेंबर
मोरीचा नळ गळतोय. प्लंबर आला. नळ केव्हापासून गळत आलेला आहे हे मी पूर्ण भूतकाळात मांडायला घेतलं. तो ऐकत होता, मग हिच्याकडे वळला. ही दोन शब्द बोलली. त्याने पाना काढला. दोन्ही शब्दांत क्रियापद नव्हतं, हे मी नोंदवून ठेवतो.

९ डिसेंबर
जिन्यात ही आणि बाई हसत होत्या. मी विचारलं, काय झालं. हिने विनोद समजावून सांगितला. मला हसू आलं नाही. मुळात वाक्यरचनाच सदोष होती.

६ जानेवारी
नवीन वर्ष, नवीन संकल्प. पन्नास शब्द अशास्त्रीय आहेत. रोज पाच, पण कायमचे.

१५ जानेवारी
कायमचे झालेले शब्द: नऊ. पैकी तीन सिमेंटच्या पोत्यावरचे.

१८ फेब्रुवारी
ही म्हणाली, परीक्षा जवळ आली, संध्याकाळी तासभर आपण दोघं इथल्याच भाषेत बोलू या का. नको म्हटलं. शिंप्याच्या दुकानातली भाषा तोंडात बसली तर परीक्षेत पंचाईत. तिचा चेहरा पडला म्हणून शेवटी एक दिवस मानलं. तिने विचारलं, आज कुठे गेला होतात. मी वाक्य बांधायला घेतलं. ते पूर्ण होईपर्यंत दूध उतू गेलं होतं. वाक्य मात्र निर्दोष होतं.

६ मार्च
परीक्षा. समोर दोन बायका. विचारलं, घरी कोण कोण असतं. निदान मला तसं वाटलं. मी पाठ केलेला पुलांवरचा निबंध म्हटला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटला, थोडा हळू. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रभावित झाल्या असाव्यात.

१० मार्च
नापास. प्रवेश रद्द का करू नये, ते आठ दिवसांत कळवा. हिला म्हटलं, निकालात गडबड आहे. हिने पत्र दोनदा वाचलं, चप्पल घातली, चला म्हणाली.

१० मार्च, दुपार
कार्यालयातल्या क्लार्कशी ही वीस मिनिटं बोलली. तो आधी उभा होता, मग बसला, मग हसला, मग हिच्यासाठी खुर्ची आणली. मी उभाच. मला ‘नवरा’ आणि ‘रात्रंदिवस’ एवढंच कळलं. तीन महिने मुदत मिळाली, संवादवर्गाला बसायच्या अटीवर. बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगितलंस. म्हणाली, सांगितलं की माणूस कष्टाळू आहे, फक्त चुकायला घाबरतो.
 

१२ मार्च
क्लार्कचा हिला फोन. संवादवर्ग घेणाऱ्या बाई रजेवर आहेत, नवख्यांचा गट तुम्ही घ्याल का. हिने मला विचारलं, घेऊ का. मी पेपर वाचत होतो. तिने परत विचारलं. घे म्हटलं.

१९ मार्च
संवादवर्ग. गोल मांडलेल्या खुर्च्या, आठ नवखे, फळ्याजवळ ही. म्हणाली, स्वतःबद्दल एक वाक्य, चुकलं तरी चालेल. एका आजोबांनी तीन चुका करून सांगितलं की त्यांना नात झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
माझी पाळी आली. निबंध आठवला नाही. हिने घाई केली नाही, खडू खाली ठेवला आणि थांबली.
मी म्हटलं, मला तुमची भाषा येत नाही.
सहा महिन्यांत पहिल्यांदाच माझं वाक्य कुणी परत विचारलं नाही. ही म्हणाली, छान. आणि पुढच्याकडे वळली.