राहायला की विकायला

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि या वर्षी मी तुझं नाव एका सरकारी नोटिशीच्या उत्तरात लिहिलं. का लिहिलं ते तुला सांगायला हवं, कारण त्यात मी खोटं बोललो आहे आणि ते खोटं मान्य झालं आहे.

तुला माहीत असलेली दोन घरं मी बांधून विकली, तसं तुझ्यामागे तिसरंही बांधलं आणि विकलं. नोकरी रेल्वेच्या ऑफिसातलीच. घर बांधणं हा मधूनच उठणारा नाद, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तिसऱ्याच्या नफ्यावर मी राहतं घर विकणारे भरतात तसा भांडवली नफ्याचा कर भरला. मग आयकर खात्याची नोटीस आली. प्लॉट घेता, बांधता, विकता, पुन्हा प्लॉट घेता, तर हा धंदा का समजू नये? धंदा ठरला असता तर कर बराच वाढला असता, आणि सरकारी नोकरीत राहून धंदा केला म्हणून ऑफिसनंही जाब विचारला असता. बड्या फुहाऱ्याच्या चौकाजवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझे सीए बसतात. त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि चष्मा काढला. "भैया, सब नीयत का खेल है. रहने के लिए बनाया और मजबूरी में बेचा, तो अलग बात. बेचने के लिए ही बनाया, तो धंधा. पहला वाला किसके लिए बनाया था?"

"माँ के लिए," मी म्हणालो.

"फिर बेचा क्यों?"

"माँ बीमार थी."

इतकं पटकन निघालं तोंडातून, की मी स्वतःच दचकलो. तू आजारी कुठं होतीस? तू तेव्हा रोज भिंतींना पाणी मारत होतीस. चेरीतालच्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून सकाळी डबा घेऊन टेंपोनं यायचीस, पदर खोचून पाइप धरायचीस. मिस्त्री म्हणायचा, "अम्मा, आप बैठो, मजदूर कर देंगे." तू ऐकायची नाहीस. "माझं घर आहे बाप्पा, मीच भिजवीन." स्वयंपाकघराचा ओटा तू आपल्या उंचीचा करून घेतलास. तो वाळल्यावर त्याच्यापुढे उभी राहून तू हवेतच पोळी लाटून पाहतेस, आणि मी दारात उभा आहे, माझ्या खिशात घराच्या गिऱ्हाइकानं दिलेला बयाना आहे.

तुला आठ दिवसांनी सांगितलं. चांगला भाव येऊन राहिला आई, पुढचं याहून मोठं बांधू. तू पाइप गुंडाळत होतीस. "अच्छा," म्हणालीस. मग थोड्या वेळानं, "लोकं चांगले आहेत ना?" घेणाऱ्यांच्या घरची बाई उंच होती, तिला ओटा बुटका वाटला. मिस्त्रीनं तो फोडायला घेतला त्या दिवशीही तू डबा घेऊन आलीस आणि उंबऱ्यावरच थांबलीस. "काहून फोडून राहिले रे?" मी कारण सांगितलं. "बरोबर आहे. वाकून वाकून तिची कंबर दुखंल," म्हणालीस, डबा मिस्त्रीच्या हाती दिलास आणि आल्या पावली परत गेलीस.

दुसऱ्या घराला तू पाणी मारायला आली नाहीस. पाय दुखतात म्हणालीस आणि मी ते खरं मानलं, कारण तेच सोयीचं होतं. ते विकलं तेव्हा तू काही विचारलंही नाहीस. त्यानंतर तू खरंच आजारी पडलीस. मी घरं बांधणारा माणूस, आणि तुला शेवटचं नेलं ते घरमालकाच्या अंगणातून.

सीए म्हणाले, "माताजी के नाम का कोई कागज है? उस घर के पते पर?" असं काही असणार नाही हे मला माहीत होतं, तरी तुझी लोखंडी पेटी उघडली. तिच्यात तुझ्या नावचं गॅसचं पुस्तक होतं. चेरीतालचा पत्ता खोडलेला, खाली त्या पहिल्या घराचा, एजन्सीच्या शिक्क्यासकट. मग तोही खोडून पुन्हा चेरीताल. मला न सांगता तू दोनदा त्या रांगेत उभी राहिलीस. पहिल्यांदा खिडकीतल्या माणसाला काय सांगितलं असशील ते मला कळतं. दुसऱ्यांदा त्यानं पत्ता परत का बदलता म्हणून विचारलं असेल, तेव्हा काय बोललीस गं?

सीएंनी पान पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. "बस, यही चाहिए था!" मी पानाची झेरॉक्स काढून दिली. उत्तर गेलं. आता कुणासमोर उभंही राहावं लागत नाही, सगळं कॉम्प्युटरवरच. काही महिन्यांनी आदेश आला की हा धंदा नाही. पहिलं घर आईच्या राहण्यासाठी बांधलं होतं आणि तिच्या आजारपणामुळे विकावं लागलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. "चलो, सुटलो एकदाचे," तुझी सून म्हणाली आणि तिनं देवापुढे साखर ठेवली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. ते घर तुझं होतं असं सांगणारा आणि न खोडलेला असा जगात एवढा एकच कागद आहे, आणि तो मी असा मिळवला.

खरं विचारशील तर पाया खणताना माझ्या मनात काय होतं ते मलाही नक्की सांगता येत नाही. तू पदर खोचलास तेव्हा कदाचित वाटलं असेल की इथं आई राहील. भाव ऐकला तेव्हा ते वाटणं टिकलं नाही. याला कायद्यात काय म्हणतात ते मी सीएंना विचारलं नाही.

हे लिहून झालं की फाडणार आहे. तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणून नव्हे. कुणाच्या हाती लागलं तर आयकरवाले केस पुन्हा उघडतील, म्हणून. अजूनही मला तुझ्यापेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटते, आई.