ओढणीआडचं तोंड

माय, तुझी नात आता बसायला लागली आहे, पण हसत नाही. तुझा लेक, माझा धाकटा भाऊ, मागच्या पेरणीत गेला. शेतातच, स्वतःहून. तेव्हा ती वहिनीच्या पोटात होती. वहिनी तिला पाजते, न्हाऊ घालते, पण सगळं भिंतीकडे पाहत. बाकी कोणी तिला खेळवत नाही. दुःखाच्या घरात लेकरू खिदळलेलं बरं दिसत नाही, असं बाबा म्हणतात.

मी बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली. अकोल्याच्या जुन्या शहरात नव्या आयांना बाळाशी खेळायला शिकवते. त्याच्या डोळ्यांत पाहायचं, त्यानं आवाज काढला की आपणही काढायचा. "लेकराशी खेळाची बी शाळा असते काय?" असं म्हणून त्या हसतात. माझा मात्र या कामावर विश्वास आहे. म्हणून परवा बडनेऱ्याला घरी गेले तेव्हा बाळासमोर बसले, ओढणी तोंडावर घेतली, बाजूला केली आणि म्हटलं, "कुक." पुन्हा लपले. बाळ टक लावून पाहत होतं. तेवढ्यात वहिनीनं माझी ओढणी धरली.

"लपलेला माणूस वापस येते, असं तिले कावून शिकवून राह्यल्या, बाई?"

मी ओढणी तिच्या हातातच राहू दिली, आणि मला तू आठवलीस, आमच्या लहानपणीची. तू कापसाच्या जिनिंगमधून येतेस, केसांत रुई अडकलेली. पाय पसरून तान्ह्या भावाला नडग्यांवर निजवतेस, केसांतली रुई काढून त्याच्यावर फुंकतेस. तो डोळे मोठे करून ती उडताना पाहतो. "पाह्य, कसा पाहून राह्यला शेठ, जसा मालच तोलून राह्यला." चुलीपाशी बसून मी हसते आहे.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. त्याचं लहानपण तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"त्याले शेठ म्हनत?" तिनं विचारलं. मग तिनं पाय पसरले, बाळाला वर घेतलं आणि वातींच्या कापसातला बोटभर पुंजका फुंकला. तो तिच्याच बाहीवर जाऊन बसला. बाळाची नजर त्याच्यामागे गेली आणि तिथून आईच्या तोंडावर आली. बाळ हसलं नाही. वहिनी तिच्याकडे पाहत रडत होती. बाबा उठून अंगणात गेले.

तू तर त्याच्याही कितीतरी आधी गेलीस, हे लिहून तरी कुठे पाठवणार. अकोल्यात मी ओढणीचा खेळ अजून शिकवते. एक गोष्ट मात्र आयांना सांगत नाही. ओढणीआड गेले की दर वेळी जरा जास्तच थांबते. बाजूला केली की समोर तू असशील, असं वाटतं.