हुफकेन्ससाहेबांची पगडी

दुबई, ३ एप्रिल २००९

ती. उल्हासमामांना धनंजयचा अल बर्शाहून साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आणि मामींची शुगर आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. म्हणजे खिडकीसमोरच्या क्रेन दिवाळीपासून हललेल्या नाहीत, पण मी अजून नोकरीत आहे.

आमचे बेल्जियन साहेब हुफकेन्स तुम्हाला ठाऊकच आहेत (माझ्या प्रत्येक पत्रात तेच असतात). आयुष्यभर गेंटच्या कोर्टात न्यायाधीश, मग तिकडच्या बँकांवर देखरेख, आणि आता ऐन मंदीत इथल्या वित्त-नियामक कार्यालयात. मी त्यांचा सहायक. पाडव्याला आमच्या मंडळाने त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले आणि परिचय करून द्यायला मी पुढे सरसावलो. मला पाच मिनिटे दिली होती, मी पाऊण तास घेतला (मुले जेवायला पळाली, मागोमाग त्यांचे आईबापही). एका पक्षकाराने देऊ केलेली छत्री नाकारून साहेब भिजत घरी गेले, हा किस्सा तर मी अभिनयासह सांगितला. हा माणूस कुणाकडून टाचणीही घेत नाही, असे म्हणालो आणि त्याच दमात त्यांच्या डोक्यावर पुणेरी पगडी ठेवली.

साहेबांनी ती शांतपणे काढून माझ्या डोक्यावर ठेवली. शालही मलाच पांघरली. बेल्जियममध्ये अशीच पद्धत असेल असे समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

रविवारी ऑफिसात कपातीची यादी साहेबांसमोर आली. तीत माझे नाव होते आणि माझी सारी मदार त्यांच्या एका शब्दावर. त्यांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, ज्याने माझा सत्कार केला त्याचा निकाल मी देऊ शकत नाही. फाइल दुसऱ्या विभागाच्या हारुनभाईंकडे गेली, ज्यांना माझा चेहराही आठवत नाही. घरी मी तणतणलो, तर मृणालिनी म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? पाऊण तास तुम्हीच सांगत होतात ना?"

हारुनभाईंचा निकाल यायचा आहे. इन्शाल्ला बरा येईल.

तुमचा भाचा,
धनंजय

ता. क. पत्र पाकिटात घालतानाच हारुनभाईंचा फोन आला. "सॉरी हबीबी, खलास." महिन्याभरात निघायचे आहे. इराला सुट्टीसाठी जातोय असे सांगितले, तर तिने विचारले, "पपा, विल वुई कम बॅक?" मला फार वाईट वाटले, मामा.

ता. क. २. सोबत फोटो आहे. त्यात बेल्जियन न्यायाधीश माझ्या डोक्यावर पगडी ठेवताना स्वच्छ दिसतात. तुमच्या सहकारी बँकेत अधिकाऱ्याची जागा निघाली आहे आणि निवड समितीवर तुम्ही आहात. उमेदवार सख्खा भाचा आहे म्हणून बाजूला होण्याचा विचार तुमच्या मनात येईल. तेवढे हुफकेन्स कृपया होऊ नका.