आईच्या माळ्याची ऊब

कॅल्युमेट, ६ जानेवारी १९८५

ती. रेइनोदादास,
सायमाचा सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र नाही, माफ कर. कॉलेजच्या परीक्षांचं कारण देणार होते, पण खरं म्हणजे लिहायचं टाळत होते. आता आईकडे आले आहे. फोन केला असता, पण तो स्वयंपाकघरात आहे आणि आईचे कान त्याच्याहून जवळ.

तुझं म्हणणं असं की, एवढं तेल जाळूनही घर गारठलेलंच असतं, तेव्हा आईला याच हिवाळ्यात तुमच्या मार्क्वेटच्या वृद्धनिवासात हलवावं. मी म्हटलं होतं, आधी माळा तपासू. आपल्या चर्चमधल्या ऑर्वोने उन्हाळ्यात तिथे ऊब टिकवायला कागदाचा भुसा भरला, तेव्हा ऊब अडवण्याचा आकडा आर-अडतीस मिळेल असं छातीठोक सांगितलं होतं. तो खोटा ठरला तर त्याच्याकडून पुन्हा भरून घेता येईल आणि आई घरीच राहील. थोडक्यात, ऑर्वो लबाड निघावा अशी प्रार्थना करत मी शिडी चढले. सकाळी चर्चमध्ये त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

पट्टी खुपसली तर सगळीकडे अकरा इंच. नुसती हवा फुंकून थर फुगवतात असं ऐकलं होतं, म्हणून बुडाविना कॉफीचा डबा आत दाबला आणि त्यात आला तेवढा भुसा आईच्या तराजूवर तोलला. वजन पुरेपूर. ती जागा मी विरळ दिसली म्हणून मुद्दाम निवडली होती. ते मनाला खटकलं, म्हणून दुसरीकडे पुन्हा तोललं. तिथे थोडं जास्तच भरलं. ऑर्वो प्रामाणिक आहे. आता काय करायचं?

एक गोष्ट न सांगणं बरं नव्हे. माळ्याचं झाकण सताड उघडं होतं. आईला विचारलं, तर म्हणाली की कॉफी गार होतेय.

आईने वेलदोडा घातलेला गोड निसू पाव तुझ्यासाठी बांधून ठेवला होता, तो मीच संपवला. तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
सायमा


मार्क्वेट, ९ जानेवारी

चि. सायमास,
अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब, कॉफीच्या डब्याने माळा तोलणारी तूच! बाबा असते तर म्हणाले असते, पोरीला एवढं शिकवलं त्याचं सार्थक झालं.

पण उत्तर तूच दिलं आहेस. ऑर्वोचं काम चोख, आणि झाकण उघडं. म्हणजे आई विसरते. आज झाकण विसरली, उद्या चूल विसरेल. वृद्धनिवासात एक खोली रिकामी आहे, महिनाअखेरीस हलवू. मी शनिवारी येणारच होतो, पण रस्ते बघतेस ना. तिला आत्ता काही बोलू नकोस.

पत्र टाकत जा. आपल्या माणसांनी दूर राहून गप्प बसू नये.

तुझा,
रेइनो


कॅल्युमेट, १२ जानेवारी

चि. रेइनोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सायमाने माझ्यापुढे आणून ठेवलं. न दाखवता तिला झोप येईना. लहानपणी चोरून खाल्लेली साखरही ही स्वतःच येऊन सांगायची.

मी काही विसरत नाही. झाकण मीच सरकवते. तुझे बाबा छपरावर चढून बर्फ काढायचे. ते गेल्यावर तू म्हणालास, दर शनिवारी मी येईन. एकदा आलास, जेवलास, वर बघितलंस आणि म्हणालास, राहू दे, बर्फाने घर उबदारच राहतं. पुढच्याच आठवड्यात वाशाने आवाज केला. तेव्हापासून छपरावर फार साठलं की झाकण सरकवते, तेलाची भट्टी वाढवते, ऊब वर छपराला लागते आणि दुपारपर्यंत सगळं पत्र्यावरून धाडकन खाली येतं. घर गारठतं तेवढा वेळ मी सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, जाऊन बसते. तेल विकत मिळतं, मुलगा मिळत नाही.

ऑर्वोला हे माहीत आहे. त्याच्या कामाची मी अशी माती केली म्हणून दर रविवारी चर्चमध्ये तोंड पाडून बसतो बिचारा.

त्या खोलीत दुसऱ्या कुणाला तरी ठेव. प्रकृतीला जप. सुनेला आणि मुलांना पापे.

तुझी,
आई


दादा, मागची बाजू कोरी होती म्हणून मी लिहिते.

परवाचा धाडकन आवाज मीही ऐकला होता. वाटलं, शेजारच्यांची लाकडं कोसळली. आठवडाभर मी छपराच्या आत मोजमाप करत होते, बाहेर जाऊन वर एकदाही बघितलं नाही. तेव्हा तुला बोलायचा मला फारसा हक्क नाही.

आज मी झाकण घट्ट लावलं. आईने पाहिलं आणि खिडकीशी जाऊन बसली. घर तासाभरात असं उबदार झालं की तिने स्वेटर काढला. ऑर्वोला सांगायला हवं. बाहेर मात्र बर्फ पडतोय, आणि आता तो वरच राहणार.

माझी सुट्टी पुढच्या रविवारी संपते. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रस्ता उघडा असेल, मी चौकशी केली आहे.

उद्याचं काम: लांब दांड्याची फावडी आणणे. दोन.

सायमा